कुमुदआत्याचा निकाल

रविवारी दुपारी पोटभर वरणभात जेवल्यावर माणसाला जी गुंगी येते, ती सारंगला येते आहे. टीव्हीवर गेम थांबवलेला, कंट्रोलर पोटावर. शेजारच्या स्टुलावर ताटात लसणाचे गड्डे आहेत. केतकी, म्हणजे त्याची बायको, बाहेर पडताना सांगून गेली आहे, "भुतं मारून झाली की एवढा लसूण सोलून ठेव. चटणी करायचीय." सारंगने हो म्हटलं आहे आणि एकाही गड्ड्याला हात लावलेला नाही.

पडद्यावर एक दार आहे. शेवटचंच असावं. ते उघडायची सारंगला भीती वाटते आहे, आणि ती भीती दारामागच्या भुताची नाही.

या गेमचा पहिला भाग त्याने कॉलेजात असताना मिरजेला कुमुदआत्याकडे खेळला होता. आत्या शाळेत भूगोल शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, आणि भुताखेतांचं तिला भारी वेड. सारंग खेळायचा, आत्या शेजारी बसून लसूण सोलायची. खेळणाऱ्याने गेमबद्दल मत द्यायचं नाही, हा तिचा कायदा. "तू जिंकलास की म्हणणार फर्मास, हरलास की म्हणणार भिकार." निकाल लसणावरून लागायचा. गेम रटाळ असला की ताटभर लसूण सोलून व्हायचा. भीती खरी असली की आत्याचे हात थांबायचे. ओसाड दवाखान्याच्या त्या पहिल्या भागात तर एक पाकळी अर्धी सोललेली तिच्या बोटांत तशीच राहिली होती, आणि त्या दिवशी आमटीला लसणाशिवाय फोडणी बसली होती.

मग दुसऱ्या भागाची घोषणा झाली आणि कंपनीचं घोडं पेंड खायला लागलं. तारीख जाहीर व्हायची, पुढे जायची. 'दर्जाशी तडजोड नको म्हणून.' आत्या म्हणायची, "आमच्या गल्लीतलं गटारही म्हणूनच रखडलंय." सारंगचं लग्न झालं, टक्कल पडलं, आत्या गेली, आणि मग गेम आला.

आणि आता तो बेताचाच निघाला आहे. निम्मा वेळ नुसता गोळीबार. दारामागेही काही नसलं तर आत्या शेवटपर्यंत असल्या गेमची वाट बघत होती असं होईल, आणि ते त्याला सोसवणार नाही. त्यापेक्षा दार बंदच राहू दे, डिस्क कुणाला तरी देऊन टाकू, असा विचार करता करता त्याचा डोळा लागतो.

"सरक जरा," आत्या म्हणते.

तो सरकतो. चष्म्याची दोरी गळ्यात, ताट मांडीवर, नेहमीची आत्या. सारंगला नवल वाटत नाही.

"आला का रे तो?"

"आला. पण तू गेलीस ना, आत्या."

"हो, ते झालं खरं." ती एक गड्डा फोडते. "चालव."

सोफा आता शाळेचा बाक आहे. पडद्यावर दाराऐवजी आत्याच्या शाळेचा व्हरांडा आहे, भिंतीवर नकाशे आहेत आणि सगळ्यांवर नुसता समुद्र. गेमचा नायक टॉर्च घेऊन चालतो आहे. गळ्यात मफलर असतो म्हणून आत्या त्याला पहिल्यापासून बापू म्हणते.

"बापू म्हातारा नाही झाला," ती म्हणते. "बरंय त्याचं."

खांबांमागून काहीतरी सरपटत येतं. सारंग गोळ्या झाडतो. आणखी येतात, तो आणखी झाडतो. शेजारी लसणाची सालं भराभर पडत आहेत. त्याला ते ऐकू येतं आणि त्याचा चेहरा पडतो.

"एवढ्या गोळ्या कशाला दिल्यात याला?" आत्या विचारते. "पहिल्या वेळी एक कुऱ्हाड होती, तीही बोथट. हातात बंदूक आली की भुताचं रानडुक्कर होतं."

व्हरांड्याच्या पायऱ्या उतरल्या की एसटी स्टँड आहे. फलाटांवरच्या पाट्या कोऱ्या आहेत, जमिनीवर पाणी साचलं आहे आणि त्यात दिवे हलत आहेत.

"पाणी झकास केलंय हो. पण पाण्याला कोण भितंय?"

सारंगला राहवत नाही. "आत्या, तू याच्यासाठी थांबली होतीस. वाईटच निघाला तर?"

"अरे वेड्या, वाट बघण्यात माझं काय गेलं? तारीख पुढे गेली की तुझा फोन यायचा. लवकर आला असता तर तू कशाला केला असतास फोन?"

तिच्या बोलण्यात टोमणा नाही. ते खरं आहे. गेमच्या निमित्तानेच तो फोन करायचा, आणि तिला ते माहीत होतं, आणि तरी ती दर वेळी हसून विचारायची, काय म्हणतेय कंपनी?

स्टँडच्या टोकाला ते दार आहे. आता ते आत्या शेवटी ज्या दवाखान्यात होती, तिथल्या तिच्या खोलीचं दार आहे. कडीला बांधलेला फडकासुद्धा तोच.

"उघड," आत्या म्हणते.

"नको."

"मी आहे ना शेजारी."

सारंग दार उघडतो. आत गोळीबार नाही, संगीत नाही. बापूच्या हातात बंदूकही नाही. अंधारात एक खाट आहे आणि तिच्यावर कुणीतरी पाठमोरं निजलं आहे. बापू एक पाऊल टाकतो. खाटेवरचा श्वास थांबतो.

सालांचा आवाजही थांबतो. सारंगला वळून आत्याकडे बघायचं आहे, पण पडद्यावरून नजर काढवत नाही.

"आता हळू," आत्या कुजबुजते.

कुलपात किल्ली फिरते. केतकी आत येते, पिशव्या ठेवते आणि स्टुलाकडे बघत राहते.

"सोललास की रे! मला वाटलं, घोरत पडला असशील."

सारंग उठून बसतो. पडद्यावर दार बंदच आहे. ताटात सोललेला लसूण, सालांचा ढीग एका बाजूला नीट सारलेला. तो बोटं नाकाशी नेतो. लसणाचा वास नाही.

"आणि ही एकच पाकळी अर्धी का सोडलीस?" ताटाच्या काठावरच्या पाकळीकडे केतकीचा हात जातो.

"तिला हात लावू नकोस," सारंग म्हणतो. त्याचे डोळे भरून आले आहेत आणि तो हसतोही आहे. "निकाल आहे तो."

"कसला निकाल?"

तो कंट्रोलर उचलतो, आवाज मोठा करतो आणि थोडा सरकून बसतो. शेजारी एका माणसापुरती जागा होते. मग तो दार उघडतो.