तोंडात मावेल एवढा कॅमेरा

माझं काम नेमकं काय, हे आईला मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. "म्हणजे चार्जरच बनवतेस ना?" असं ती पाहुण्यांसमोर विचारते आणि मी हो म्हणून टाकते. अगदीच खोटं नाही ते. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी एक चिप असते, तिला सेन्सर म्हणतात. त्या सेन्सरला वीज पुरवणारं सर्किट मी बनवते. सेन्सरला एकाच वेळी तीन वेगवेगळ्या व्होल्टेजची वीज लागते, आणि तीही शांत. एकीत जरा थरथर असली की ती चित्रात उतरते. चित्र चांगलं आलं तर कौतुक लेन्सचं होतं, बिघडलं तर सगळे माझ्याकडे बघतात.

आमची कंपनी चितेगावला, पैठण रोडवरच्या एका शेडच्या वरच्या मजल्यावर होती. खाली पत्रा दाबून भाग काढणारे प्रेस चालायचे, त्यामुळे टेबलावरचा चहा दिवसभर थरथरत असायचा. मालकांना आम्ही सर म्हणायचो, कारण आधी ते कॉलेजात शिकवत. मी सर्किट काढायचे, आणि ते प्रत्यक्ष बोर्डावर कसं बसवायचं, कुठला भाग कुठं, तार कुठून न्यायची, हे भाऊ ठरवायचे. भाऊ पिशोरचे. घरी मक्याची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. हे बायको-मुलीला गावी ठेवून शहरात खोली करून राहत. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. सगळं ऑफिस त्यांना भाऊच म्हणायचं आणि ते मला ताई म्हणत. शर्टाच्या खिशात गुटख्याची पुडी कायम. बोर्डाचा अवघड कोपरा आला की एक पुडी गालात जायची आणि तासभर माणूस बोलायचा नाही.

एकदा सरांच्या ओळखीच्या एक दंतवैद्य डॉक्टर आल्या. सिल्लोडकडच्या गावांमध्ये त्या तपासणीची शिबिरं घेत. त्यांची अडचण अशी की पुडी खाऊन खाऊन लोकांची तोंडं आवळून गेलेली असतात, दोन बोटंसुद्धा आत जात नाहीत. शेवटच्या दाढेमागचा गाल बघायचा कसा? बाजारातले कॅमेरे जाड, आणि थोड्या वेळात तापतात. पेशंट तोंड बाजूला घेतो. "मला पेन्सिलीएवढं काहीतरी द्या," त्या म्हणाल्या. "गावात लाइट नसते, तेव्हा बॅटरीवर चालू दे. आणि गालाला चटका बसायला नको."

भाऊ कोपऱ्यात बसून ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर पुडी फोडत म्हणाले, "लई अवघड जागी कॅमेरा घालायचाय ताई."

पहिला बोर्ड आम्ही साध्या रेग्युलेटरवर केला. हा रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून घालवतो. वीज अगदी शांत, चित्र स्वच्छ. पण कॅमेऱ्याचं टोक थोड्या वेळात एवढं तापलं की मी स्वतःच्या ओठाला लावून लगेच काढलं. सेन्सर तापला की चित्रात पांढरे ठिपकेही पडायला लागतात. बॅटरीही भराभर उतरायची.

म्हणून दुसऱ्या बोर्डात स्विचिंग सप्लाय घेतला. त्यात वीज सारखी चालू-बंद करून एका छोट्या कॉइलमधून हवी तेवढीच पुढे सोडतात. वाया फार कमी जाते, टोक गार राहतं. पण त्या चालू-बंदची थरथर उरते. नखाएवढ्या जागेत कॉइल आणि सेन्सर शेजारी शेजारी बसले आणि चित्रावर आडवे पट्टे आले. मंद, करडे, हळूहळू खाली सरकणारे.

पट्टे पांढऱ्या कागदावर दिसत होतेच, पण खरा कॅमेरा तोंडात चालणार होता, म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघू लागलो. सरांची झाली, माझी झाली, खालच्या प्रेसवरचे दोघेतिघे हौसेनं येऊन गेले. भाऊ मात्र टाळत होते. एकदा दुपारी डब्यानंतर सर म्हणाले, "भाऊ, तुमचंच राहिलंय. बसा की."

सर फोन घ्यायला बाहेर गेले, तेव्हा भाऊंनी चूळ भरली आणि ते खुर्चीत बसले. तोंड उघडलं तेव्हा माझी दोन बोटंही गेली नसती. तोपर्यंत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं होतं ते एवढंच, की ते हल्ली डब्यातली भाजी न खाता भाकरी दह्यात कुस्करून खातात. तिखट लागतं म्हणायचे. पिशोरचा माणूस, आणि तिखट लागतं.

मी कॅमेरा उजव्या गालातून मागं नेला. पडद्यावर पट्टे सरकत होते आणि त्यांच्यामागं एक पांढुरका डाग होता, कडेनं लाल. पट्टा त्यावरून गेला की डाग विरल्यासारखा व्हायचा, पुन्हा उमटायचा.

"भाऊ, इथं काहीतरी आहे."

त्यांनी कॅमेरा स्वतःच्या हातानं बाहेर काढला. पडद्याकडे बघितलं. "तुमच्या सप्लायचा नॉइज आहे तो. आधी पट्टे घालवा, मग बोला."

"बाकी कुणाच्या तोंडात असा डाग नाही आला."

"मग लाइटची चमक असंल." उठून ते आपल्या जागेवर गेले.

त्यानंतर मी दोनदा विषय काढला. डॉक्टरांना नुसतं दाखवून येऊ, मी म्हणाले. दोन्ही वेळा उत्तर एकच: आधी पट्टे जाऊ द्या. मला वाटतं, तो डाग पट्ट्यांबरोबर जाईल अशी त्यांना खरंच आशा होती. एवढं खरं, की त्या दिवसांत त्यांनी जसं काम केलं तसं मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. माझ्या मागं लागून लागून सर्किट बदलून घेतलं. सेन्सरच्या सर्वांत नाजूक वाटेवर आम्ही स्विचिंगच्या पुढं एक छोटा साधा रेग्युलेटर बसवला. थोडंच व्होल्टेज उतरवायचं असल्यानं तो तापत नव्हता आणि उरलेली थरथर गिळत होता. चालू-बंदचा ठेका सेन्सरच्या ठेक्याशी जुळवून घेतला. कॉइल भाऊंनी बोर्डाच्या दुसऱ्या अंगाला नेली आणि तिच्याखालची तांब्याची पट्टी तोडून वेगळी केली. तार सरळ गेली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणाले, एवढं नको. ते म्हणाले, "नाय, आता राहू द्यायचं नाय काही."

नवे बोर्ड आले त्या दिवशी सर शहरात कुठल्या तरी बैठकीला गेले होते. आम्ही कॅमेरा जोडला. पांढऱ्या कागदाचं चित्र आलं ते नुसतं पांढरं, एक रेघ नाही. टोकाला हात लावला तर गार. एरवी आम्ही चहा मागवला असता.

भाऊ खुर्ची ओढून बसले. "घ्या माझा फोटो."

मी कॅमेरा आत नेला. डाग होता. आता त्याची कड दिसत होती, मधला खरबरीत भाग दिसत होता, लाल भागातल्या बारीक नसासुद्धा मोजता आल्या असत्या. चित्र हललं.

"हात स्थिर ठेवा," ते कॅमेऱ्याच्या बाजूनं बोबडं बोलले. फोटो झाल्यावर त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "चित्र झकास आलंय ताई. झालं आपलं काम."

"उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते बरोबर."

"बघू."

पण त्याआधी डॉक्टरच आल्या, नवा कॅमेरा बघायला. सर खुशीत होते. आमच्या सगळ्यांच्या तोंडांचे फोटो एकामागून एक पडद्यावर लावत होते. हा आधीचा, हा आताचा, बघा फरक. एका फोटोवर डॉक्टर म्हणाल्या, "थांबा." खुर्ची पुढे घेतली. "हा पेशंट कोण?"

सरांना आठवेना. फोटोंना नावं दिलेली नव्हती. मी भाऊंकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं. खाली प्रेस धाडधाड चालू होते.

"मी, मॅडम," भाऊ म्हणाले.

डॉक्टर वळल्या. आवाज चढवला नाही. "किती दिवस झाले?"

"दुखतंय उन्हाळ्यापासून."

"उद्या सकाळी या. एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. आजपासून पुडी बंद."

"व्हय," भाऊ म्हणाले. खिशातली पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. सरांनी पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी भाऊ डॉक्टरांकडे गेले नाहीत आणि ऑफिसलाही आले नाहीत. फोन केला तर गावी होते. मका काढायला आलाय म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुलीची परीक्षा. मग कुणीतरी कन्नडकडे झाडपाल्याचं औषध देणारा सांगितला, त्याचा लेप. मी रोज फोन करायचे. सरांनी एकदा गाडी घेऊन पिशोर गाठलं, तर भाऊ त्यांना शेत दाखवत फिरले, जेवायला घातलं, आणि दिवाळी झाली की येतो म्हणून वाटेला लावलं. एकदा मी फोनवर चिडले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुकडा काढला की तिथून पुढं माझ्या हातात काही राहणार नाय. तेवढी दिवाळी करू द्या."

दिवाळीनंतर ते आपणहून आले. तुकडा तपासला गेला. कॅन्सरच होता आणि तोवर जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता. शहरातल्या सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. उजवा गाल आणि खालच्या जबड्याचा अर्धा भाग काढला, छातीवरचं मांस घेऊन ती जागा बुजवली. मी भेटायला गेले तेव्हा नाकातून नळी होती. वहिनी उशाशी बसून नळीतून पातळ पेज घालत होत्या. आमची ती पहिली भेट. भाऊंनी मोबाइलवर टाइप करून मला दाखवलं: बोर्ड पाठवले का?

पाठवले, मी म्हणाले. खरंच पाठवले होते. डॉक्टरांनी ते कॅमेरे शिबिरात वापरायला सुरुवात केली होती, आणि ज्यांचं तोंड उघडत नाही अशांच्या गालातलंही त्यांना दिसत होतं. हे सांगितल्यावर भाऊंनी मान हलवली. हसायला चेहऱ्याची ती बाजू उरली नव्हती.

शेकाच्या, म्हणजे रेडिएशनच्या काळात ते खोलीवरून काम करायचे. मी सर्किट पाठवायचे, ते लेआउट करून पाठवायचे. बोलणं अजिबात कळायचं नाही, म्हणून सगळं लिहून. लेआउट पूर्वीसारखाच नेटका. फक्त आता ते वाद घालत नसत. एखादा भाग मी चुकीच्या जागी सुचवला तरी तसाच बसवून द्यायचे, आणि मग मीच म्हणायचे, भाऊ, हे बरोबर नाही. त्यावर उत्तर यायचं: हो, बदलतो.

उन्हाळ्यात मानेला गाठ आली. पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नाही असं रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी शहरातली खोली सोडली. पावसाळा संपता संपता ते गेले. मला सरांकडून कळलं. आमच्या गल्लीत नळ नाही, मी पाण्याच्या टँकरसाठी रांगेत उभी होते. हंडे भरून घरी आणले, मग खाली बसले.

तेराव्याला सर आणि मी पिशोरला गेलो. अंगणात मक्याची कणसं वाळत पसरली होती, बायका आत होत्या. सर धाकट्या भावाशी बोलत बसले. वहिनींनी मला मागच्या पडवीत नेलं आणि चहा दिला.

"ताई, एक विचारू का? खरं सांगा. तुम्हाला कधी कळलं होतं?"

मी सांगितलं. पहिला फोटो, पट्टे, दुसरा फोटो, डॉक्टर आल्या तो दिवस. काही लपवलं नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या.

"मला म्हणले, दाढ दुखती," त्या म्हणाल्या. "लवंगेचं तेल लावून द्यायची मी रोज. दिवाळीला तर चकल्या केल्या नाय, त्यांना चावत नाय म्हणून. लाडू केले. तेव्हा त्यांना ठाऊक होतं म्हणायचं."

"हो."

"सांगितलं असतं तर मी हाताला धरून नेलं असतं."

"ते त्यांनाही ठाऊक असावं," मी म्हणाले.

त्या उठल्या. माझ्या हातातला कप घेतला, धुऊन पालथा घातला. आभाळ भरून आलं होतं. सूप घेऊन त्या अंगणात गेल्या आणि कणसं गोळा करू लागल्या. मीही पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर वाकले.