पांढरी दोनमध्ये गाणारे ढोमे

हसनभाईंचा फोन आला तेव्हा मी कोलंबी निवडत होते. खायला नव्हे, गरीला लावायला. दुसऱ्या दिवशी भांगाची भरती होती, म्हणजे पाण्याला ओढ कमी, खाडी संथ, आणि अशा पाण्यात सदूभाऊ मला ढोमे मासे ऐकवणार होते. "बाई..." हसनभाई म्हणाले आणि थांबले. फोनवर हा माणूस कधी थांबत नाही. "सदूभाऊ गेले, बाई. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाय." मी कोलंबीचं भांडं तसंच ओट्यावर ठेवलं आणि खुर्चीत बसले. त्या क्षणी मनात जे आलं ते लिहायला हवं, कारण ते शोभेसं नव्हतं. मला वाटलं, आता मला ढोमे कोण ऐकवणार?

सदानंद तांबे हे त्यांचं नाव. नोकरी पोस्टात, पण आगरदांड्यात त्यांची ओळख पेटीवाले सदूभाऊ अशीच. तरुणपणी जयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे, आणि पार्टी मोडली तरी बोटं मोडली नव्हती. बोलता बोलता मांडीवर, जेट्टीच्या दगडावर, टोपलीच्या काठावर ती चालूच असायची. मी शाळेतून निवृत्त झाले, हसनभाई कुवेतहून कायमचे परत आले, आणि आम्हा तिघांचं जुन्या जेट्टीच्या पायऱ्यांवर संध्याकाळचं बसणं सुरू झालं. हसनभाईंकडे परदेशी रीळ आणि चकचकीत काठी, माझ्याकडे वडिलांनी शिकवलेली साधी हातगरी, आणि भाऊंकडे जे हाताला लागेल ते. गावातल्या बायका मला म्हणत, "बाई, मासे बाजारात गावतात की!" त्यांना काय सांगायचं? मासे बाजारात मिळतात, पण मासा लागायच्या आधीचा तो अर्धा-पाऊण तास कुठल्या बाजारात मिळतो?

खरं तर आम्ही मासे कमी आणि एकमेकांना जास्त पकडायचो. जिताडा आमिष आधी चाखतो की थेट गिळतो, टोपलीतली बोय मांजराने नेली की पाणमांजराने, अमक्या जुन्या गाण्यात मधे वाजते ती बासरी की क्लॅरिनेट... वादाला विषय लागतोच कुठे. भाऊंचा छोटा रेडिओ कायम त्यांच्या गालाशी. कानाशी नाही, गालाशी, अगदी जबड्याच्या हाडाला टेकवलेला. "दाढ दुखते काय हो, भाऊ?" हसनभाई रोज विचारायचे, आणि भाऊ तेवढ्याच गंभीरपणे मान हलवून म्हणायचे, "गाणं दाढेनं चावून खायाचं असतं, हसनभाई. तुम्ही नुसतं गिळताव."

आणखी एक खोड होती. पलीकडे दिघीच्या बाजूला आभाळ लाल झालं की फेरीबोटीतले पर्यटक मोबाइल वर करून उभे राहत. आम्ही दोघंही तिकडेच तोंड करून बसायचो. भाऊ मात्र खालच्या पायरीवर सूर्याकडे पाठ आणि आमच्याकडे तोंड करून बसत. "काय बघता हो आमच्यात?" मी एकदा चिडून विचारलं. "उजेड पडलाय तुमच्या तोंडावर," ते म्हणाले, "बरा दिसतो." त्या वयात असं कुणी म्हटलं की काय उत्तर द्यायचं ते मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. मी गरीची दोरी आवळली. तिवरांत कोल्हे ओरडायला लागले की आम्ही कान टवकारायचो, आणि भाऊ आमच्या चेहऱ्यांकडे बघून विचारायचे, "कोल्हे काय?" आम्हाला वाटायचं, काय ही चौकशीची सवय. उलट पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालू लागला, किंवा पाण्यात पाणमांजराचं डोकं नुसतं टिचभर वर आलं, की पहिलं बोट भाऊंचंच उठायचं. नजर अशी की चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी कुठल्या बिळात शिरली तेही सांगतील.

आमचा सगळ्यात मोठा वाद ढोम्यांचा. ढोमा हा काही मानाचा मासा नव्हे, पण तो आवाज करतो हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. गरीवरून सोडवताना हातात कुरकुरतो, टोपलीत टाकला तरी थोडा वेळ कुरकुर चालू ठेवतो. जुने कोळी वल्हं पाण्यात बुडवून दांड्याला कान लावत आणि खाली मासा आहे का ते ओळखत, हेही मी ऐकलेलं. पण भाऊंचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. पाऊस सरत आला की दिवेलागणीला ढोमे खाडीच्या तळाशी जमतात आणि सगळे मिळून एका सुरात वाजवतात, आणि तो सूर असतो पेटीच्या पट्टीतली पांढरी दोन.

"ढोम्याला पेटी कोनी शिकवली, भाऊ?" हसनभाई विचारत.

"तुम्हाला कोनी शिकवली न्हाय, म्हणून त्याला शिकवू नये काय?"

फेरीबोट दिघीला गेली, इंजिनाची धडधड थांबली, की भाऊ आपली चिव्याच्या बांबूची काठी घेऊन शेवटच्या पायरीवर जात. आमच्याकडे पाठ करून वाकत आणि काठी पाण्यात सोडत. मग डावा हात वर जाई, पंजा आमच्याकडे, म्हणजे थांबा, बोलू नका. एरवी एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करणारा हा माणूस तेवढ्यापुरता मुका होई. परत यायचे ते असे खुशीत, की जणू पंगतीत दोनदा जिलबी वाढली. "ऐकलं!" एवढंच. मी त्यांच्या मागोमाग उतरून तीच काठी पाण्यात घाले, कान लावे, तर पायरीवर आपटणाऱ्या पाण्याची डुबुक डुबुक आणि वारा. दोन पावसाळे मी हे केलं. मला खोटं बोलणाऱ्या मुलाचा चेहरा लांबून ओळखता येतो, आयुष्य त्यातच गेलं, आणि भाऊंचा चेहरा तसा नव्हता. म्हणूनच जिवाला चुटपुट लागायची. ते खोटं बोलत नसतील, तर मला का ऐकू येत नाही?

शेवटच्या भेटीत मी हट्टच धरला. म्हटलं, या खेपेला ऐकवलं नाहीत तर तुम्ही थापाडे असं मी फेरीबोटीवर रंगवून घेईन. ते नेहमीसारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. हसले नाहीत. "येत्या भांगाला सांगतो तुम्हाला, कसं ऐकायचं ते," ते म्हणाले. "हसायचं न्हाय मात्र."

"मी कशाला हसू?"

"हसाल. म्हणून तर ऐकताना पाठ करतो." आणि रेडिओ गालाला लावून ते चढणीला लागले.

भाऊ गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला त्यांच्या अंगणात मंडप होता. भाऊंच्या जुन्या पार्टीतली दोघं-तिघं माणसं आली होती, त्यांनी गाणी म्हटली. स्पीकर फार मोठा होता. कुणीतरी आवाज कमी करायला उठलं, तर भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मोठा. ह्यांना आमच्या घरात मोठ्याचीच सवय हाय." मग माझ्या कानाशी वाकून, अगदी सहज, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं म्हणाल्या, "शेवटची काही वर्षं त्यांना कानानं ऐकू येतच न्हवतं, बाई. लहानपणापासून कान फुटलेले. पडदे गेले, नस शाबूत, असं डॉक्टर बोलले. मशीन आणलं होतं, ते कपाटात ऱ्हायलं."

मी म्हटलं, "पण आमच्याशी तर रोज..."

"ओठ वाचायचे. तुमचे बरे वाचता येतात म्हणायचे. बाई शिकवल्यासारख्या बोलतात, एकेक अक्षर."

मला आधी रागच आला. रोज शेजारी बसणाऱ्या माणसाने एवढी गोष्ट पोटात ठेवावी? मग एकेक गोष्ट सुटी होऊन समोर यायला लागली. सूर्याकडची पाठ. आमच्या तोंडावरचा उजेड. "कोल्हे काय?" आणि गालाला टेकवलेला रेडिओ. आतल्या खोलीच्या दाराआड ती काठी उभी होती. वरचं टोक कुरतडल्यासारखं, खाचाखाचांचं. कान लावताना ते मला नेहमी टोचायचं. मी म्हटलं, "वहिनी, हिचं टोक घुशीने खाल्लंय."

वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "घूस कुठली! दात हायत त्यांचे. रेडिओ जबड्याला, काठी दातांत. कान गेला तरी हाड ऐकतं, म्हणायचे." आणि ती काठी त्यांनी माझ्या हातात दिली. "घरात ठेवून मी काय करू? घेऊन जा."

पुढच्या भांगाला आम्ही दोघंच जेट्टीवर गेलो. हसनभाईंनी रीळ काढलंच नाही. भाऊंची पायरी मोकळी ठेवून आम्ही नेहमीच्या जागी बसलो आणि बोलायला विषय शोधत राहिलो, वाद घालायला तिसरा लागतो हे तेव्हा कळलं. फेरीबोट गाड्या भरून दिघीकडे निघाली, धडधड लांब गेली, पाणी पुन्हा स्थिर झालं. मी काठी घेऊन शेवटच्या पायरीवर उतरले. जेट्टीवर चार पर्यटक होते. शाळेतली बाई या वयात काठी चावताना दिसली तर काय म्हणतील, असं वाटलं, आणि मी भाऊंसारखीच सगळ्यांकडे पाठ केली. काठी पाण्यात सोडली. त्यांच्या दातांच्या खाचांवर माझे दात बसले... लाकडाला मिठाची चव होती.

थोडा वेळ काहीच नाही. मग आलं. कानात नाही, डोक्याच्या आत, जबड्यापासून वर. टर्र... टर्र टर्र... लांब कुणी पत्र्यावर बोटं वाजवावीत तसं, मग दुसरीकडून उत्तर, मग इतके की मोजता येईनात. तळाशी सगळी खाडी बोलत होती, आणि ती इतकी वर्षं माझ्या पायाखाली बोलत होती. पांढरी दोन होती की नाही, मला सांगता येणार नाही, मला सुरातलं काही कळत नाही. ते विचारायचं ज्यांना, ते नव्हते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी दात आणखी घट्ट धरले.

"बाई," मागून हसनभाईंचा आवाज आला, "काय ऐकू येतंय काय?"

तोंडात काठी असताना बोलता येत नाही. माझा डावा हात आपोआप वर गेला, पंजा त्यांच्याकडे.