विरलेली साडी

आई चटईवर होती. आंघोळ घातलेली, अंगावर चादर. वहिनी चपला न काढता दारातच थांबल्या. माझ्या जन्माआधीपासून आई त्यांच्याकडे धुणंभांडी करत होती. त्यांनी पिशवी पुढे केली.

“जुनीच आहे गं. पण आता जाळायचीच तर आहे.”

पिशवीत साडी होती.

वहिनींच्या घरात टाकायच्या सगळ्याला एकच शब्द, जुनं. दर दिवाळीला त्यांच्या साड्या आमच्या डोंबिवलीच्या खोलीत यायच्या. आई त्या खिडकीशी धरून मला शिकवायची. रंग उडाला पण सूत दणकट, ती विटकी. कामावर नेसायला चालते. फॉल उसवला असेल तर चार टाके घालायचे. आणि जिच्यातून पलीकडचा हात दिसतो, ती विरलेली. टाका घातला की शेजारीच फाटते. तिची फक्त गोधडी होते.

मी साडी दाराच्या उजेडात धरली. पलीकडची माझी बोटं दिसली.

आमच्यात बाईची शेवटची साडी माहेरची. मामा ती घेऊन महाडहून निघालेला, शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेला. शेजारणी म्हणायला लागल्या, किती वेळ ठेवणार, हीच नेसव, तिला आता काय कळतंय. आईला सगळं कळायचं. मला रडू येत नव्हतं. संताप येत होता. मी साडीची घडी घातली.

“वहिनी, ही विरलीय. परत न्या. आई थांबेल.”

एवढ्या मायेने आणली, म्हणाल्या. मी पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

मामा दुपार कलल्यावर आला. साडी कोरी, खळीने कडक. नेसवताना आईचं अंग पहिल्यांदाच नीट पाहिलं. साबणाने खाल्लेली बोटं. कातडीखाली नुसती हाडं. जायचं वय नव्हतं तिचं. शेजारीण म्हणाली, झिजली बिचारी. जणू आपोआप झिजली. कुणी वापरल्याशिवाय काही विरत नाही.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. आईच्या जागी तू ये, घरच्यासारखीच आहेस. मी नाही म्हटलं.

आता वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला जाते. शिफ्ट संपली की घरी मुलीकडे निघते, थांब म्हटलं तरी थांबत नाही. आईने शिवलेली गोधडी घरात आहे. इतक्यांदा धुतली, तरी वहिनींच्या कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास जात नाही. डोळे मिटले की साडीपलीकडचा तो हात दिसतो. कधी माझा, कधी आईचा.

ती गोधडी माझ्या मुलीच्या अंगावर घालणार नाही. आणि मी विरेपर्यंत कुणाला मला वापरू देणार नाही.