काट्याच्या दिव्याचं बटन

कवडू मेश्राम आमच्या नागपूरच्या इंदोऱ्यातला. ड्रायव्हर पक्का, माणूस बिलंदर. ही गोष्ट त्यानंच सांगितलेली, त्यामुळे थोडं तिखटमीठ वजा करून ऐका.

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला तो मधुकररावांची अँबेसेडर चालवायचा. मधुकरराव संत्र्यांचे दलाल. काटोलकडच्या बागा इतरांच्या आधी गाठायच्या म्हणून हिवाळ्यात पहाटेच निघायचे. गाडीवर त्यांचा असा जीव, की त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना, घरात सवत आल्यासारखं वाटायचं. कंपनीनं दिलं ते ओरिजनल, बाकी सगळा कचरा. आधीच्या ड्रायव्हरनं पंखा लावायला डॅशबोर्डला भोक पाडलं, तर त्याच दुपारी त्याला घरी बसवलं.

पण त्या रस्त्यावर धुकं असं, की आपलंच बोनेट दिसू नये. पहिल्याच हिवाळ्यात कवडूनं गाडी कडब्याच्या बैलबंडीत घातली आणि बंपर चेपला.

‘पुन्हा ठोकली तं तुही नोकरी गेली समज,’ मधुकरराव म्हणाले.

‘मालक, धुक्याचे पिवळे दिवे लावून द्या ना.’

‘आन् त्याचं बटन कुठी बसवशीन? भोक पाडशीन ना? नाही पाहिजे.’

म्हणजे ठोकली तरी घरी, भोक पाडलं तरी घरी. अशा मालकाचा मला आजही राग येतो. कवडूला मात्र गंमत वाटली.

त्यानं भंगारातून दोन पिवळे दिवे आणले आणि बंपरच्याच जुन्या बोल्टांवर कसले. मालकांना सांगितलं, ‘शोभेचे आहे. मोठ्या साहेबलोकांच्या गाडीले असतेत.’ मधुकरराव खूश. तारा कवडूनं आतून फिरवून वेगाच्या काट्याच्या दिव्याला जे कंपनीचं बटन होतं, त्याच्याशी जोडल्या. त्या नाजूक बटनाला एवढा भार झेपला नसता, म्हणून मध्ये हॉर्नची रिले टाकली. बटनानं नुसता रिलेला इशारा द्यायचा, करंट थेट बॅटरीतून. बटन ओढलं की काट्याचा दिवाही लागायचा आणि बाहेरचे पिवळेही. भोक एक नाही.

मालक मागं घोरत असत आणि कवडू धुक्यातून मजेत गाडी काढत असे. एके पहाटे मात्र मधुकरराव पुढं बसले, तेही जागे.

‘काट्याचा दिवा काहून जाळून राहिला बे? बॅटरी उतरते ना!’ म्हणत त्यांनी बटन दाबून टाकलं.

पिवळा उजेड गेला. मोठ्या दिव्यांपुढं नुसती पांढरी भिंत उरली. कवडूनं करकचून ब्रेक मारला.

‘लाव! लाव ना गा!’

‘काय लावू, मालक?’

‘तेच! काट्याचा दिवा!’

बोलले आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. गाडी उभीच. कवडूच्या घरी बायको भीमाबाई, लेकरं, आणि कमावणारा हा एकटा. एवढ्या जागी मात्र तो फुशारकी मारत नाही, भ्यालो म्हणतो. मधुकररावांनी डॅशबोर्डवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. भोक सापडेना. शेवटी त्यांनी स्वतःच बटन ओढलं.

‘चाल. पण नागपूरले गेल्यावर तुहा हिशेब करतो.’

बागेपाशी वामनराव भेटले. तेही दलाल, मधुकररावांशी त्यांची जन्माची चढाओढ. त्यांची नजर लगेच दिव्यांवर गेली.

‘वा गा! कुठून बसवले?’

‘बसवले नाही,’ मधुकररावांच्या तोंडून निघून गेलं. ‘कंपनीचेच आहे. ओरिजनल. बटनही कंपनीचं, पाह्य.’

वामनरावांनी आत डोकावून पाहिलं. ‘माही गाडी तं त्याच सालची आहे. मंग माह्या गाडीले काहून नाही?’

मधुकररावांनी कवडूकडं पाहिलं. कवडूनं घाई केली नाही. फडकं काढलं, काच पुसली, एकदा इकडून, एकदा तिकडून.

‘तुमचा लॉट येगळा असन, साहेब,’ तो म्हणाला.

वामनरावांचं तोंड उतरलं.

परतताना मधुकरराव मागं बसले. कळमेश्वर मागं पडलं. मग आवाज आला.

‘कवडूभाऊ.’

भाऊ? कवडूनं आरशात बघितलं.

‘वामनरावाले हे बसवून नको देजो हं.’

‘पाहतो, मालक,’ कवडू म्हणाला.