बेंबीची पाळी

मैत्रिणींनो, आज सासूबाईंबरोबर मंचरच्या दवाखान्यात जाऊन आले. चार वर्षं दर महिन्याला माझ्या बेंबीतून रक्त येतं. घरी सगळे म्हणायचे, बेंबी पिकलीय, हळद लाव.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळीतच येतं ना?"

"हो, आणि नंतरही दोन दिवस."

त्या म्हणाल्या, गर्भाशयाच्या अस्तरासारखी गाठ बेंबीत वाढलीय. तिलाही पाळी येते. नाव एंडोमेट्रिओसिस. ऑपरेशन करावं लागेल.

एसटीत सासूबाई कळंबपर्यंत बोटांवर दिवस मोजत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पाचव्या दिवशी न्हाऊन तू देवाला दिवा लावायचीस, तवा बेंबी चालूच व्हती?"

दुखतं का, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.

तुमच्यापैकी आणखी कुणाची बेंबी बाहेर बसते का?