जाळीवरचा तेवीस

बुधवारी नीतानं केलेला चहा कुणीच घेतला नाही. टेबलावर पंधरा कप भरून ठेवलेले, खोलीभर आल्याचा वास, आणि सरावाहून आलेले ते धिप्पाड गडी कपांकडे असे बघत होते की जणू तिनं त्यात काही कालवलं होतं. शेवटी लुकास पुढे आला. संघातला सगळ्यात जुना खेळाडू, आणि सगळ्यांच्या वतीनं बोलणारा. त्यानं एक कप उचलला, बेसिनपाशी गेला आणि ओतून दिला.

"नीता, काल आम्ही इथं काय बोललो ते फक्त आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "आम्हाला आणि तुला."

मग एकेक करून सगळे गेले. चौदा कप टेबलावर निवत राहिले. नीताला रडू आलं नाही, राग आला. सहा वर्षं ज्यांचे घामट मोजे धुतले, त्यांनी आपल्याला चुगलखोर ठरवावं!

नीता गद्रे ही बाई मूळची पुण्याची, कोथरूडची. नवरा हृषिकेश उंटरश्लाइसहाइमला सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी ओवी गिम्नाझियमला, म्हणजे तिथल्या हायस्कुलात. बी.कॉम. झालेल्या बाईनं जर्मनीत करायचं काय, हा प्रश्न तिनं पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या खिडकीत उभं राहून सोडवायचा प्रयत्न केला. मग सुपरमार्केटच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. इझार ओटर्स नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला त्सॉइगवार्ट हवा होता. म्हणजे खेळाडूंचे कपडे, बूट, हेल्मेटं सांभाळणारा माणूस. नीताला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, आजही पुरतं कळत नाही. पण शंभर माणसांच्या मुंजीनंतर कुणाचा डबा कुणाकडे गेला हे ती न चुकता सांगू शकते. अशा बाईला पंचेचाळीस हेल्मेटं म्हणजे काहीच नाही.

तरी हेल्मेटांनी तिला सुरुवातीला छळलंच. सगळी काळी, सगळी सारखी. चांगलं बसणारं हेल्मेट दुसऱ्याचं असलं तरी हे लोक बिनदिक्कत ढापायचे आणि मागचा नंबराचा स्टिकर खरवडून टाकायचे. नीतानं तीन महिने सहन केलं. मग तिनं तेच केलं जे तिच्या आईनं, सासूनं आणि सगळ्या मावश्यांनी जन्मभर केलं होतं. भांड्यांवर नावं घातली. तिच्या चहाच्या पातेल्यावर आजही 'चि. सौ. कां. नीता हिस मावशीकडून सप्रेम' असं कोरलेलं आहे, आणि म्हणूनच ते पातेलं कितीही घरी फिरलं तरी परत येतं. तिनं बाउमार्क्टमधून, म्हणजे हत्यारांच्या दुकानातून, कोरायचं यंत्र आणलं आणि प्रत्येक हेल्मेटच्या तोंडावरच्या पोलादी जाळीत, खालच्या दांडीला आतल्या बाजूनं, मराठी आकडे कोरले. चांगले खोल, दाबून. मराठीत अशासाठी, की कुणाला वाचताच येऊ नयेत. याला आता सहा वर्षं झाली. ढापाढापी बंद झाली ती कशामुळे, हे कुणालाच कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती सगळी हेल्मेटं मोडीत काढायची ठरली. दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट वापरू नये असं बनवणारेच लिहून देतात, आणि ही तर संघानं घेतली तेव्हाच कुणाची तरी वापरलेली होती. नीतानं स्वतः खोक्यांत भरून ती पाठवली. मार्चमध्ये नवी आली. झगझगीत काळी, आत नव्या गाद्या, मागे त्याच नंबरांचे नवे स्टिकर. मालक श्टेगमायरसाहेब स्वतः खाली आले होते, फोटो काढले, पेपरात छापून आणले.

पहिलं हेल्मेट हातात घेतलं तेव्हाच नीताला ओल्या रंगाचा वास आला. कारखान्यातून आलेल्या वस्तूला असा वास येत नाही. नंतर तिनं खोकं पाहिलं, तर त्याच्या कोपऱ्याला हिवाळ्यात तिनंच लावलेली निळी चिकटपट्टी अर्धवट सोललेली होती. तिचा अंगठा जाळीच्या खालच्या दांडीकडे गेला. आणि दांडीला लागायच्या आत तिनं हात मागे घेतला.

का घेतला? तर तिला कळून घ्यायचं नव्हतं. कळलं की बोलावं लागतं, आणि बोललं की नोकरी जाते. आपल्याला काय करायचंय, असं ती स्वतःशी म्हणाली आणि हेल्मेटं वाटायला बसली. तेवीस नंबर ट्रेव्हॉनला दिलं. हा अलाबामाचा पोरगा तेव्हा नुकताच आलेला, घरच्या आठवणीनं उतरलेला. नीतानं स्वतः त्याच्या हनुवटीचा पट्टा आवळला आणि हेल्मेटवर एक टपली मारली.

जूनमध्ये ट्रेव्हॉन एका धडकेनंतर उठला, दोन पावलं उलट्या दिशेनं चालला आणि खाली बसला. संघाच्या डॉक्टरनं दहा मिनिटांत त्याला परत मैदानात पाठवलं. हा डॉक्टर मालकाचा मेहुणा. दुसऱ्या दिवसापासून ट्रेव्हॉनला उजेड सोसेना. तेव्हापासून तो घरात पडदे ओढून बसायचा आणि बाहेर पडला तर काळा गॉगल लावून.

तिथून भांडण पेटलं. खेळाडूंचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. डॉक्टर बाहेरचा हवा, आणि ही हेल्मेटं कुणा त्रयस्थाकडून तपासून हवीत, कारण ती नवी वाटत नाहीत. मालक म्हणाले, हेल्मेटं नवी आहेत, बिल आहे, आणि माझ्या मालावर शंका घेणाऱ्याला दार उघडं आहे. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता पंधरा जण नीताच्या खोलीत गुपचूप जमले. कपड्यांच्या रॅकमागची ती खोली, तिथं वरच्या मजल्यावरचं कुणी फिरकत नाही. रविवारच्या सामन्याला उतरायचंच नाही, असं ठरलं. नीता मागे टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिनं सगळ्यांना चहा दिला, पोहे दिले. त्या दिवशी सगळे प्यायले, वर लुकासनं दोनदा मागून घेतला.

बुधवारी सकाळी दारावर नोटीस होती. रविवारी न खेळणाऱ्याचा करार संपला असं समजावं. खाली आणखी एक ओळ होती: 'गुप्त बैठका घेऊन काही साधत नाही.' आणि दुपारी श्टेगमायरसाहेब सगळ्यांसमोर नीताकडे बघून हसले. म्हणाले, "फ्राउ गद्रे, तुमच्या चहाचा वास पार वरपर्यंत येतो हं!"

झालं. पंधरा माणसांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. त्यानंतरच तो कप बेसिनमध्ये गेला.

नीतानं घरी येऊन नवऱ्यापुढे सगळ्यांची झाडाझडती घेतली. फुटला तो सहाय्यक कोचच असणार, तो नेहमी भिंतीला कान लावून असतो. नाहीतर तो नवा हाम्बुर्गचा पोरगा, फार गोड बोलतो. "आणि तुम्ही त्या श्टेगमायरच्या पुतण्याबरोबर बॅडमिंटन खेळता ना? काही बोलला नाहीत ना तिथं?" तिनं हृषिकेशलाही सोडलं नाही.

"अगं, मला त्यांच्या बैठकीचं आत्ता तुझ्याकडून कळतंय," हृषिकेश म्हणाला. "आणि तू यात पडू नकोस. आपला नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे, कशाला नसती भानगड?"

"आल्झो, पपा, त्याचा काय संबंध," ओवी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये बोलली. एवढंच कळलं की ती आईच्या बाजूनं होती.

गुरुवारी नीता ऑफिसचा मोठा थर्मास परत द्यायला वर गेली. पंपाचा, पाच लिटरचा. मंगळवारी सकाळी तिनं तो ऑफिसच्या फ्राउ लिंडनरकडून मागून आणला होता, कारण पंधरा माणसं आपल्या खोलीत येणार आणि त्यांना कोरडं बसवायचं, हे तिला मरेस्तोवर जमलं नसतं.

"पुरला का पंधरा जणांना?" फ्राउ लिंडनरनं थर्मास घेत सहज विचारलं. "साहेबही विचारत होते, कुणाचा वाढदिवस आहे का. मी म्हटलं सहाला खाली काहीतरी आहे. मग ते स्वतःच जाऊन चक्कर टाकून आले."

नीता तिथंच खुर्चीवर बसली. पंधरा जण, मंगळवार, सहा वाजता, माझ्या खोलीत. सगळं तिनंच सांगितलं होतं, हसत हसत, आणि वर साखरही मागितली होती. मालकाला दाराशी उभं राहून ऐकण्यापलीकडे काही करावं लागलं नव्हतं. सहाय्यक कोच नाही, हाम्बुर्गचा पोरगा नाही, बिचारा हृषिकेश तर नाहीच नाही.

ती खाली आली, दार लावून घेतलं आणि ट्रेव्हॉनचं हेल्मेट काढलं. या वेळी हात मागे घेतला नाही. दांडीच्या आतल्या बाजूला, गुळगुळीत काळ्या रंगाखाली, अंगठ्याला आधी दोन लागला, मग तीन. तिचाच २३. तिच्या हाताला तो मावशीच्या पातेल्यावरच्या अक्षरांइतका ओळखीचा होता. तिनं मग एकेक करून पंचेचाळीसही हेल्मेटं तपासली. एकही सुटलं नाही. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की दिवा घालवून ती दहा मिनिटं तशीच बसून राहिली.

त्या संध्याकाळी तिनं हृषिकेशला सगळं सांगितलं. "अहो, मी उद्या बोलणार आहे," ती म्हणाली. "नोकरी जाईल."

"शनिवारी पण बोलता येईल की," हृषिकेश म्हणाला.

"शनिवारपर्यंत घाबरेन मी."

शुक्रवारी चार वाजता क्लबच्या सभागृहात दोन्ही बाजू बसल्या. मालक, त्यांचा वकील, डॉक्टर मेहुणा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खेळाडू आणि भिंतीच्या कडेला काळा गॉगल लावलेला ट्रेव्हॉन. नीता हेल्मेट घेऊन आत आली तेव्हा खेळाडूंचे चेहरे कडक झाले. मालकानं मात्र तिला खुर्ची दिली. त्यांना वाटलं, साक्षीदार आपली.

"आधी तुम्हाला सांगते," नीता खेळाडूंकडे वळून म्हणाली. "मंगळवारची बातमी माझ्याकडूनच वर गेली. चहासाठी थर्मास मागायला गेले, तिथं सगळं बोलून बसले. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी विचारलंही नाही. माझंच तोंड."

वकिलानं बिलाचा कागद पुढे सरकवला, तो तिनं हातानं बाजूला केला आणि लुकासचा अंगठा धरून जाळीच्या आत टेकवला. लुकासला काही कळेना, मग कळलं. तिनं खिशातला सँडपेपर काढून दांडी घासली. रंग उतरला, पोलाद चमकलं आणि त्यात काळे आकडे उमटले.

"हे आमच्याकडचे तेवीस," ती म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी मी कोरलेत. पंचेचाळीसही हेल्मेटांवर आहेत. कुठलंही उचला, मी न बघता नंबर सांगते."

"कालच कोरले असतील!" मालक उसळून म्हणाले.

"काल कोरले असते तर आकड्यांत रंग आलाच नसता. तो आत भरलाय."

वकिलानं हेल्मेट हातात घेतलं, खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाहिलं. मग त्यानं बिलाचा कागद घडी घालून बॅगेत ठेवला. श्टेगमायरसाहेब नीताकडे बघून एवढंच म्हणाले, "फ्राउ गद्रे, मी तुम्हाला विश्वासातलं माणूस समजत होतो." तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात ट्रेव्हॉन उठून तिच्यापाशी आला. गॉगल काढला, उजेडानं डोळे बारीक झाले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काल कळलं, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं.

"शंका मार्चपासून होती," नीता म्हणाली. "मी हात लावून बघितलं नाही. आणि तसंच तुझ्या डोक्यावर घातलं."

ट्रेव्हॉननं मान हलवली आणि गॉगल परत लावला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि तिनंही तसं समजून घेतलं नाही.

रविवारचा सामना झाला नाही. तीन आठवड्यांनी लीगनं मधे पडून बाहेरचा डॉक्टर नेमला आणि खरोखरची नवी हेल्मेटं मागवली. नीताला नोकरीवरून काढायचं पत्र आलं होतं. लुकासनं सगळ्यांच्या सह्या घेऊन ते मागे घ्यायला लावलं. तिच्या खोलीत परत चहा व्हायला लागला आणि लोक तो प्यायलाही लागले, फक्त पहिला घोट आपण घ्यायचा हे तिनं स्वतःच पाळायला सुरुवात केली.

हेल्मेटं आली त्या दिवशी ट्रेव्हॉन आला. त्याला नव्या डॉक्टरनं वर्षभर खेळू नको म्हणून सांगितलं होतं, परतीचं तिकीट निघालेलं होतं. तो खुर्ची ओढून खोक्यांपाशी बसला. नीता एकेक हेल्मेट काढून देत होती. तो नाकाशी नेऊन वास घ्यायचा, मग जाळीच्या खालच्या दांडीवरून आतल्या बाजूनं अंगठा फिरवायचा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पंचेचाळीस हेल्मेटं. एकाही वेळी त्यानं घाई केली नाही.

शेवटचं तपासून झाल्यावर त्यानं ते खाली ठेवलं नाही. तिच्यापुढे धरलं.

"आता तू बघ," तो म्हणाला.

नीतानं ते घेऊन बाजूला ठेवलं, अंगठा पदराला पुसला आणि पहिल्या हेल्मेटापासून सुरुवात केली. तो शेवटपर्यंत तिच्या हाताकडे बघत बसला होता.