कुलरचं पाणी आणि मायचा मोगरा

मास्तर माणूस उन्हाळ्याच्या दिवसांत घरी असला की घरातल्या बायकांना दोन उन्हाळे सोसावे लागतात, असं माझ्या बायकोचं मत आहे. त्या वर्षी मात्र घराला माझी गरज पडली. मार्च संपता संपता मायच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि परभणीतल्या आमच्या घरामागची बाग, जिच्यात पस्तीस वर्षं तिच्याशिवाय कुणाचं काही चालत नव्हतं, एकदम माझ्या ताब्यात आली.

"तुला जमंल का रे?" मायनं खाटेवरून विचारलं.

"माय, मी शाळेत पन्नास पोरं सांभाळतो. ही झाडं तर जागची हलत पण न्हाईत."

"म्हणून तर इचारायले. पोरं तहान लागली की उठून नळावर जातेत."

बाग म्हणजे फार काही नाही. बारा पावलं लांब, सहा पावलं रुंद. वांगी, भेंडी, मिरच्या, न्हाणीच्या पत्र्यावर चढलेला दुधी, कढीपत्ता आणि भिंतीच्या कोपऱ्यात मोगरा. मायच्या खिडकीतून सगळं दिसायचं, फक्त तो कोपरा सोडून. आणि तिचा जीव नेमका त्या कोपऱ्यात.

दरवर्षी वैशाख पौर्णिमेला माय विहारात याच मोगऱ्याची फुलं वाहायची. विकतची फुलं वाहिली तर काही बिघडत नाही, सगळेच वाहतात. पण मायचं लहानपण चुडाव्याकडं दुसऱ्यांच्या रानात राबण्यात गेलं. तिथं तिनं कापूस वेचला, भाजी खुडली, फुलंही तोडली, आणि सगळं बांधावर दुसऱ्याच्या पाटीत टाकून मोकळ्या हातानं घरी आली. माझ्या वडिलांनी हा प्लॉट घेतला तेव्हा घर बांधायच्या आधी तिनं हा मोगरा लावला. नवी भिंत याला वळसा घालून गेली आहे. पाहुणे त्या वाकड्या भिंतीला गवंड्याची चूक समजतात, आणि आम्ही तसं समजू देतो.

तर अशा मोगऱ्याचा मी राखणदार झालो. नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा, ते पिण्यात आणि स्वयंपाकात जायचं. बाकी सगळी भिस्त बोअरवर, आणि चैत्रातच बोअरही खोकायला लागलं होतं. एके सकाळी कुलर धुताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाकीच्या तळाशी अर्धी बादली पाणी रोज उरतं, ते आपण मोरीत ओततो. तेच मोगऱ्याला घातलं तर? मी बायकोला बोलावून, बादली उंच धरून, या शोधाचं छोटंसं भाषण केलं.

बायको म्हणाली, "अहो, कुलरची जाळी बघा कशी पांढरी झालीय. त्या पाण्यात काहीतरी असंल."

"गारवा आहे त्यात," मी म्हणालो.

भाजीला बोअरचं ताजं पाणी आणि मोगऱ्याला रोज कुलरचा हा खास गारवा, असं तीन आठवडे चाललं. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, ऊन आहे. ऊन आहे म्हणून मी आणखी अर्धी बादली घातली. मग पानं गळायला लागली, इवल्या कळ्या वाळून गळाल्या, आणि बुंध्याभोवतीच्या मातीवर पिठासारखा पांढरा थर आला. एप्रिल सरला तेव्हा मोगऱ्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"मोगरा कसा हाय?" माय रोज विचारायची.

"मजेत."

"कळ्या?"

"भरपूर."

खोटं बोलण्यात पहिलं वाक्य सोपं असतं. पुढच्या वाक्यांसाठी बाजारात जावं लागतं. मी संध्याकाळी फुलवाल्याकडून मोगऱ्याचा गजरा घेतला, दोरा सोडवला, फुलं फ्रिजमध्ये ठेवली आणि सकाळी पाच फुलं ओंजळीत घेऊन, भालदार-चोपदार असल्यासारखा मायपुढं उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी सात नेली. तिसऱ्या दिवशी माझ्यातला कलावंत उतू गेला आणि मी अकरा नेली.

मायनं फुलं हातात घेतली आणि गालाला लावली.

"लय गार हायेत रे," ती म्हणाली. "आपल्या मोगऱ्याला फ्रिज बसिवलास का?"

दारात उभी असलेली बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. माझं नाटक तिथंच पडलं.

"वॉकर दे हिकडं," माय म्हणाली.

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच परसात आली. सकाळचे नऊ वाजले होते, फरशी तापायला लागली होती. मी एका बाजूनं, बायको दुसऱ्या बाजूनं. कोपऱ्याजवळ खुर्ची ठेवली, तिच्यावर ती बसली आणि त्या काड्यांकडं बघत राहिली. मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थोडी माती दे."

मी चिमूटभर माती तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती जिभेच्या टोकाला लावली आणि बाजूला थुंकली.

"मीठ हाय ह्याच्यात. काय घालायलास?"

मी सगळं सांगितलं. माय ऐकत होती तसा तिचा चेहरा मऊ होत गेला, आणि त्यानं मला जास्तच लाज वाटली.

"आरं येड्या, आपलं बोअर आधीच खारं. कुलर त्यातलं गोडं पाणी हवेत उडवतो आन् मीठ खाली ठिवतो. तू ह्याला तीन आठवडे लोणच्यासारखं मुरवलंस."

मग तिनं एका काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवी रेघ दिसली. तिनं दुसरी खरवडली. तिथंही हिरवी. तिसरी वाळलेली होती.

"जित्ता हाय," ती म्हणाली. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते.

वरचा पांढरा थर मी खुरप्यानं काढून फेकला. शेजारच्या वहिनींच्या परसात जुना आड आहे, त्याचं पाणी गोड. मी बादल्या घेऊन गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, फ्रिजातला मोगरा कसा हाय?" बातमी भिंतीवरून माझ्या आधी पोचली होती. पहिल्या दिवशी वीस बादल्या ओतल्या, मीठ मुळांच्या खाली उतरावं म्हणून. नंतर रोज सकाळी दोन. भोवती काठ्या रोवून वर सावलीला मायचं जुनं पातळ ताणलं. माय खुर्चीत बसून हुकूम सोडायची आणि रोज एक काडी निरखून बघायची.

आठव्या दिवशी एका काडीला ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डोळा फुटला. अकराव्या दिवशी तसे सात झाले. पण कळी एकही नव्हती. आता कळी येणार नाही हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारी मी हळूच म्हणालो, "माय, बाजारातून आणू का? ह्या टायमाला खरं सांगून."

"नगं."

ऊन कललं तशी ती वॉकर घेऊन न्हाणीपाशी गेली. पत्र्यावर दुधीची पांढरी फुलं उमलायला लागली होती. ती संध्याकाळीच उमलतात, आणि सकाळी मान टाकतात.

"ज्यांच्या बुडाला फळ न्हाई ती खुड," माय म्हणाली. "फळाची राहू दे, भाजीला होतील."

"अहो आई, दुधीची फुलं कोण नेतं?" बायकोनं विचारलं.

"आपल्या मातीतली हायेत ना? मग आमी नेतो."

मी नऊ फुलं खुडली. मायनं पांढरं पातळ नेसलं, ताट मांडीवर घेतलं आणि आम्ही रिक्षानं विहारात गेलो. फुलं कागदासारखी पातळ, रिक्षाच्या वाऱ्यानं थरथरत होती, म्हणून तिनं सगळ्या रस्ताभर त्यांच्यावर हात धरला.

विहारात तिच्या वयाची एक ओळखीची बाई शेजारी येऊन बसली. तिनं ताटात डोकावून पाहिलं. "हे काय बाई? यंदा मोगरा कुठं गेला?"

मी सावध झालो. आता फ्रिज निघणार, कुलर निघणार, पन्नास पोरं सांभाळणारा मास्तर निघणार. वहिनीही दोन ओळी मागं बसून कान टवकारून होत्या.

"मोगरा लय आजारी पडला होता," माय म्हणाली. "ह्या लेकानं दुसऱ्याच्या आडावरून पाणी वाहून वाचिवला."

"गुणाचं हाय लेकरू," ती बाई म्हणाली.

"हाय तर," माय म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "काडेपेटी दे. मेणबत्ती लावू."